अंतराळ-गेमच्या पुढच्या भागात सावल्या काळ्या असाव्यात

गाजलेल्या अंतराळ-गेमचा पुढचा भाग येतो तेव्हा त्यात ग्रह, याने आणि शस्त्रे वाढलेली असतात, खेळण्याची रीत मात्र बहुधा जुनीच राहते. मला वाटते, खरा नवेपणा अवकाशाच्या भौतिकशास्त्रातून आणावा. कारण तेथील गती आणि तेथील प्रकाश, दोन्ही आपल्या रोजच्या समजुतीला चकवणारे आहेत. 1962 साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या गेममध्येही पडद्याच्या मध्यभागी असलेला तारा दोन्ही यानांना आपल्याकडे ओढत असे.

बहुतेक गेममध्ये पुढचे यान गाठायचे असेल तर त्याच्या दिशेने इंजिन चालवले की झाले. जून 1965 मध्ये नासाच्या जेमिनी-4 या यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्यासाठी नेमके हेच करून पाहिले, पण तो टप्पा काही जवळ येईना आणि इंधन वाचवण्यासाठी प्रयत्न सोडावा लागला. कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग वाढवला की त्याची कक्षा उंचावते, प्रदक्षिणेला अधिक वेळ लागू लागतो आणि यान उलट मागे पडते. म्हणून आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचे, तेथे अंतर भरून काढायचे आणि मग पुन्हा वर यायचे, असा मार्ग धरावा लागतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेमिनी-6ए हे यान जेमिनी-7 पासून सुमारे 30 सेंटिमीटरवर येऊन ठेपले. असा पाठलाग खेळाडूच्या हाती दिला, तर बोटांच्या चपळाईइतकीच विचारालाही किंमत येईल.

चित्रांच्या बाबतीत चंद्राकडून पुष्कळ शिकता येईल. पृथ्वीवर हवेने विखुरलेला आकाशाचा प्रकाश सावल्यांत झिरपतो. चंद्रावर हवा नसल्याने दिवसा सावलीत पोहोचतो तो मुख्यतः जमिनीवरून किंवा जवळच्या वस्तूंवरून परावर्तित झालेला प्रकाश. अनेक गेममध्ये सगळीकडे सारखाच पसरणारा कृत्रिम उजेड मिसळलेला असतो. तो येथे काढून टाकावा आणि परावर्तित प्रकाशाचा माग रे ट्रेसिंगने, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग संगणकावर मोजून, काढावा. सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलमागे मोजकेच किरण सोडून चित्रात उरलेले दाणे गणिताने पुसावे लागतात. एवढे साधले की ग्राफिक्समधूनच खेळ जन्माला येतो. विवरातील काळ्याकुट्ट सावलीत साथीदाराचे अवजार पडले आहे, दिव्याची बॅटरी संपली आहे. अशा वेळी खेळाडू सावलीच्या कडेला उन्हात उभा राहतो आणि त्याच्या पांढऱ्या पोशाखावरून परतलेल्या अंधुक उजेडात ते अवजार सापडते. गाडीच्या चाकांनी उडालेली धूळही तेथे ढगासारखी रेंगाळता कामा नये. प्रत्येक कण स्वच्छ कमान काढून खाली पडला पाहिजे.

मंगळाच्या मोहिमेत तर प्रकाशाचा वेगच खेळाचा नियम होऊ शकतो. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश जायला ग्रहांच्या स्थानानुसार सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात. पृथ्वीवर बसलेल्या खेळाडूला रोव्हर कड्याच्या दिशेने सरकताना दिसतो, पण ते दृश्य 10 मिनिटांपूर्वीचे आहे आणि ‘थांब’ ही आज्ञा पोहोचायला आणखी 10 मिनिटे लागणार आहेत. कड्याजवळ आपोआप थांबण्याची सूचना त्याने आधीच देऊन ठेवलेली असेल, तरच रोव्हर वाचेल.