‘मी तिथे होतो’ आणि ‘मी वाचलंय’

दुसऱ्या महायुद्धावर वाद सुरू झाला की कुणीतरी म्हणतंच, “माझे आजोबा तिथे लढलेत, तुम्ही नुसती पुस्तकं वाचलीत.” समोरचा गप्प होतो. या वाक्याचा मला मनापासून वीट आलाय.

अभ्यासातून आलेलं ज्ञान म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे: दोन्ही बाजूंची दप्तरं, नकाशे, पत्रं. घोळ होतो तो अनुभवाबाबत. अनुभव म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं अनुभव नसतंच.

फ्रान्समधलं नॉर्मंडी, १९४४. कितीतरी दोस्त सैनिक शपथेवर सांगत, समोरून टायगर, म्हणजे जर्मनांचा धडकी भरवणारा अवजड रणगाडा आला. टायगर-१ एकूण साधारण १,३५० बनले, पांझर-४ हा जर्मनांचा नेहमीचा मध्यम रणगाडा मात्र ८,००० हून जास्त. बाजूंना जादा पत्रे लावलेला, लांब तोफेचा पांझर-४ झाडीतून टायगरसारखाच दिसे. सैनिकाने रणगाडा पाहिला, सोबत्याला जळताना पाहिलं. हा त्याचा अनुभव, आणि तो खराच. ‘टायगर’ हे नाव मात्र डोळ्यांनी दिलेलं नव्हतं, ते तुकडीत कानावर पडलेलं होतं. म्हणजे तेही शिकलेलंच ज्ञान, आणि नोंदींवर तपासता येणारं. ते नाव खोडलं म्हणून सैनिक खोटारडा ठरत नाही. नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही.

आकड्यांचंही तसंच. ब्रिटनवरच्या हवाई लढाईत १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं, खरा आकडा साठच्या आसपास होता. एकाच विमानावर दोघांनी गोळ्या झाडल्या की दोघेही प्रामाणिकपणे ते आपल्या नावावर लावत.

उलटा उद्दामपणाही मला खपत नाही. “तिथे टायगर नव्हतेच, मग भीती कसली?” असं विचारणाऱ्याला नोंदी कशाच्या असतात हेच कळलेलं नाही. म्हाताऱ्या सैनिकाला आधी विचारावं, “तुम्हाला काय दिसलं?” ते काय होतं, हा प्रश्न नंतरचा.

ड्रेस्डेन या जर्मन शहरावरच्या फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेले अनेकजण सांगत की खालून उडणाऱ्या लढाऊ विमानांनी एल्बे नदीकाठी पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. जर्मन पत्रकार-इतिहासकार ग्योट्झ बेर्गांडर यांनी पुढे नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना या गोळीबाराला आधार सापडला नाही. “तुम्ही तिथे होतात का?” हा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नव्हता. हल्ल्याच्या वेळी ते स्वतः ड्रेस्डेनमध्येच होते.