‘आउटर’ म्हणजे नेमकं कुठं?

‘आउटसाइड’ हा शब्द नागपूरकरानं कधी मनावर घेतलाच नाही. सिनेमागृहाच्या दारावरची ‘आउटसाइड फूड’ची पाटी सोडली, तर ‘बाहेर’नं सगळं भागतं. आणि बाहेरचं खाणं, बाहेरची बाधा, ‘बाहेर बसणं’ हे सगळं त्या इंग्रजी शब्दाला पेलणारही नाही. आपण घेतलं ते त्याचं गोत. (‘आउट’ आणि संस्कृत ‘उद्’ हे मुळात एकाच घराण्यातले.)

त्यातला जुना ‘आउट ऑफ स्टेशन’. यातल्या स्टेशनचा गाडीशी संबंध नाही. गोऱ्या अंमलदाराचं नेमणुकीचं ठाणं म्हणजे स्टेशन. कामठीची छावणी १८२१ची, मध्य प्रांताची राजधानी नागपुरात झाली १८६१ मध्ये, आणि रेल्वे पोचली १८६७ला. तरी आजही रजेच्या अर्जात ‘आउट ऑफ स्टेशन’ लिहिणारा डोळ्यांपुढे फलाटच आणतो.

खरा गुंता ‘आउटर’चा. वर्धेकडून येणारी गाडी नागपूरच्या अजनी स्टेशनाच्या अलीकडे थबकते, डब्यात दहा मोबाइल निघतात आणि दहाही जण तेच सांगतात, “आउटरले उभी हाय.” घरी भाताचा कुकर तेव्हा चढतो. हात वर-खाली होणारे सिग्नल होते तोवर हे बरोबर होतं. येणाऱ्या गाडीला अडवणारा पहिला सिग्नल आउटर आणि त्याच्या आतला होम. रंगीत दिव्यांच्या नव्या पद्धतीत आउटर उरलाच नाही. आधी लागतो तो डिस्टंट. तो गाडी थांबवत नाही, नुसती सूचना देतो. त्यानंतरचा होम अडवतो. म्हणजे आपण ज्याला वैतागून आउटर म्हणतो तो बहुतेक वेळा असतो ‘होम’! रेल्वेतला माणूस ही चूक दुरुस्त करायला जातो आणि हरतो. हरायलाच हवा, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मार्ग नागपुरात जिथं एकमेकांना छेदतात, तिथं ताटकळण्याला एक नाव लागतंच, आणि ते प्रवाशांनी ठरवलंय.

पुढं हाच शब्द रुळांवरून उतरून जमिनीच्या धंद्यात गेला. ‘आउटरला प्लॉट घेतला’ म्हणजे गावाच्या कडेला. पण कड सरकते. मानेवाडा, दिघोरी हे एके काळी आउटर होतं. तिथून रिंग रोड गेला, वस्ती भरली आणि तो मान बेसा-बेलतरोडीकडे गेला. मग आला आउटर रिंग रोड. सरकारी कागदावर त्याचं ‘बाह्य वळण रस्ता’ होतं, तोंडी मात्र कुणीही तसं म्हणत नाही.

याच कडेनं ‘ले-आउट’ पसरले. यातला ‘आउट’ बाहेरचा नाही, मांडणीचा. पण नियमाबाहेर पाडलेल्या प्लॉटांमुळं इथं दोन्ही अर्थ एक झाले. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं ते नियमित करायची वाट काढली आणि ‘५७२’ व ‘१९००’ हे अशा ले-आउटांच्या संख्येचे आकडेच वस्त्यांची ओळख बनले. विकासशुल्क आधी की रस्ता-गडर (गटार) आधी, हा वाद तेव्हापासूनचा. पैसे भरून चिखल तुडवणाऱ्यांची बाजू मला तरी जास्त पटते. अशा घराचा पत्ता सांगताना माणूस ले-आउटचं नाव नंतर सांगतो, आधी सांगतो, “आरएल झालंय,” म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळालंय.