प्रस्तावना, मुद्दे, समारोप: हा साचा आला कुठून?

महाविद्यालयात निबंध लिहायचा म्हटलं की पहिली सूचना ठरलेली असते. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, दर मुद्द्याला वेगळा परिच्छेद आणि शेवटी समारोप. ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की निबंध जन्माला आला तोच असा, असं वाटावं. प्रत्यक्षात निबंध जुना आहे आणि हा साचा त्याच्याहून जवळपास तीनशे वर्षांनी धाकटा. तो घडवला तपासनिसांनी.

फ्रान्समधल्या मिशेल द माँतेन या जमीनदारानं १५८० साली आपल्या निबंधांचे पहिले दोन भाग छापले. आधुनिक निबंधाचा आरंभ तिथून धरतात. माँतेनला आजच्या कुठल्याही परीक्षेत बसवलं असतं तर तो नापास झाला असता. सुरुवात एका विषयानं, मध्येच रोमन इतिहासातली गोष्ट, तिथून स्वतःच्या मूतखड्याची तक्रार आणि शेवट भलतीकडेच. विचार जसा फिरेल तशी लेखणी फिरवायची, हीच त्याची पद्धत होती. पुढे १५९७ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस बेकननं दहा छोटे निबंध काढले. ते आटोपशीर आहेत, पण बांधेसूद म्हणवत नाहीत. एकापुढे एक सुभाषितं मांडल्यासारखी वाक्यं येतात.

मग शिस्त आली कुठून? ती वक्तृत्वातून आली. ग्रीक-रोमन परंपरेत भाषणाचे भाग ठरलेले होते: आरंभ, हकिगत, मुद्द्यांची वाटणी, आपल्या बाजूचे पुरावे, विरोधकाचं खंडन, उपसंहार. न्यायालयात उभं राहणाऱ्या माणसाला हा क्रम उपयोगी पडे आणि युरोपातल्या शाळा तो शतकानुशतकं घोटून घेत. आपल्याकडेही अशी शिस्त नव्हती असं नाही. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं अधिकरण, म्हणजे एकेका वादाच्या मुद्द्याचा निकाल लावायची त्यांची ठरलेली पद्धत, घ्या. विषय सांगायचा, संशय मांडायचा, पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, पूर्ण ताकदीनं उभा करायचा, मग आपला सिद्धान्त. आजच्या वैचारिक निबंधाला दुसरी बाजू धड मांडता येत नाही, त्या मानानं हा क्रम कितीतरी कडक. पण आपल्या वर्गात आलेला साचा या वाटेनं आला नाही, हेही खरं.

तो आला स्कॉटलंडमार्गे. अ‍ॅबर्डीन विद्यापीठात तर्कशास्त्र आणि इंग्रजी शिकवणाऱ्या अलेक्झांडर बेननं १८६६ मध्ये इंग्रजी रचनेवर एक पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्यात परिच्छेदाचे सहा नियम घालून दिले. परिच्छेदाचं पहिलं वाक्य विषय ठळकपणे दाखवणारं हवं, परिच्छेदात एकच सूत्र हवं, वाक्यांचे सांधे वाचकाला दिसले पाहिजेत. आज कुठल्याही शिक्षकाच्या तोंडी असलेला ‘एका परिच्छेदात एकच मुद्दा’ हा मंत्र इतक्या स्पष्टपणे प्रथम तिथे नियमबद्ध झाला. बेन मुळात तर्कशास्त्रज्ञ. चांगले लेखक परिच्छेद कसे लिहितात हे पाहण्यापेक्षा ते कसे असायला हवेत, याचा त्यानं जास्त विचार केला. नियम टिकले, कारण ते शिकवायला सोपे होते आणि तपासायला त्याहून सोपे.

तपासण्याचा प्रश्न मोठा झाला तो अमेरिकेत. हार्वर्डनं १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत एक छोटा इंग्रजी निबंध सक्तीचा केला. विषय आधीच जाहीर केलेल्या, शेक्सपियर किंवा स्कॉटसारख्या लेखकांच्या पुस्तकांतून यायचा आणि शुद्धलेखन, विरामचिन्हं, व्याकरण यांची झाडाझडती व्हायची. जबाबदारी होती अ‍ॅडम्स शर्मन हिल यांच्यावर. ते वृत्तपत्रातून प्राध्यापकीत आलेले, त्यामुळे ढिसाळ मजकुराची त्यांना चीड. मुलांचं लेखन पाहून विद्यापीठ हादरलं आणि १८८५ पासून लेखनाचा एक अभ्यासक्रम पहिल्याच वर्षात आणला गेला. हार्वर्डमधलेच बॅरेट वेंडेल मुलांकडून रोज एक पान लिहून घेत, शिवाय पंधरवड्याला मोठा निबंध. सुमारे १७० मुलं आणि वर्षाकाठी २४,००० हून अधिक कागद, असा त्यांच्या टेबलावरच्या ढिगाचा हिशेब सांगतात. एवढं वाचणाऱ्याला प्रत्येक कागदात मुद्दा एकाच जागी सापडला तर किती बरं वाटत असेल! विसाव्या शतकात अमेरिकी शाळांनी याचंच पाच परिच्छेदांचं सूत्र केलं: एक आरंभाचा, तीन मुद्द्यांचे, एक शेवटचा. संशोधक जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये बारावीच्या आठ मुलांच्या लेखनप्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या प्रकाराला त्यांनी खोचकपणे ‘पन्नास ताऱ्यांचा निबंध’ म्हटलं. तारे अमेरिकेच्या झेंड्यावरचे.

मुंबई इलाख्यात गोष्ट वेगळ्या क्रमानं घडली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं महाविद्यालयांनी आणि परीक्षा विद्यापीठानं घ्यायची. सुरुवातीचं विद्यापीठ ही मुख्यतः परीक्षा घेणारी यंत्रणा होती आणि आपल्या शिक्षणाचा परीक्षेकडे असलेला कल तिथूनच सुरू होतो, असं माझं मत. पण विद्यापीठ यायच्या आधीच इथे निबंध लिहिले जात होते. ते बक्षिसासाठी आणि सभांमध्ये वाचण्यासाठी.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेल्या भाऊ दाजी लाडांना काठेवाडातल्या मुलींच्या बालहत्येवरच्या इंग्रजी निबंधासाठी ६०० रुपयांचं बक्षीस मिळालं, ते १८४० च्या दशकात. त्या काळात ही रक्कम केवढी, याची कल्पना करावी. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली साहित्य आणि शास्त्र सभा काढली. तिच्या मराठी शाखेत, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेत, सभासद निबंध वाचत आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात असं लेखन छापलं जाई. इथे ऐकणारे समोर बसलेले असत. मुद्दा पटला नाही तर जागच्या जागी कुणी उठून बोलणार. निबंध बांधायला याहून मोठा धाक कोणता?

पण त्या काळातला विद्यार्थ्यानं लिहिलेला सर्वांत बांधेसूद निबंध कोणता, असं मला विचारलं तर मी कुठल्या महाविद्यालयाचं नाव घेणार नाही. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानं १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापला. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. त्याची बांधणी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. आरंभी ती ईश्वराला स्मरते, तेव्हाच्या लेखनाच्या रिवाजाप्रमाणे. पण लगेच युक्तिवाद सुरू होतो. वेद आमचेच, ते दुसऱ्यानं पाहू नयेत, असं ब्राह्मण म्हणतात. मग ज्यांना धर्मपुस्तक पाहायचाही अधिकार नाही ते धर्मरहितच नव्हेत का? प्रतिपक्षाचंच वाक्य उचलायचं आणि त्यातूनच निष्कर्ष काढायचा, हे कसबी वकिलाचं काम. ते एक शाळकरी मुलगी करते.

त्यानंतर पुरावे येतात. पेशवाईत मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून गुलटेकडीच्या मैदानात खेळत, असं ती लिहिते. पुण्याच्या वाचकाला ती जागा ठाऊक, म्हणून तो तपशील अंगावर येतो. मग काळ बदलतो, घर येतं: बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परही नसतं, तेव्हा थंडी-पावसात त्यांचं काय होत असेल? शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञानाचं औषध घ्या म्हणून सांगते. आधी तत्त्व, मग इतिहास, मग घरातलं दुःख, मग आवाहन. हा क्रम कुणी फळ्यावर लिहून दिलेला नाही. राग जसजसा जवळ येत गेला तसतशी मांडणी होत गेली. प्रस्तावना-मुद्दे-समारोप असं कुणी यावर चिकटवू म्हणेल तर चिकटतंही. पण त्यातला एक भाग उचलून दुसरीकडे ठेवून पाहा, निबंध कोसळतो. गाईडमधल्या निबंधाचा दुसरा आणि तिसरा मुद्दा खुशाल अदलाबदल करावा, काही बिघडत नाही.

विद्यापीठाच्या पहिल्या पिढीतला एक महाविद्यालयीन निबंध मांडणीसाठी नव्हे, मतासाठी गाजला. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना करणारा निबंध लिहिला आणि तो इंग्रजांना झुकतं माप देणारा नव्हता. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांचा रानड्यांवर लोभ होता, तरी त्यांनी सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली, अशी हकिगत रानड्यांच्या चरित्रांत येते. हेच रानडे १८६२ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांत होते. परीक्षेच्या निबंधात ‘दोन्ही बाजू समतोल मांडाव्यात’ हा जो सल्ला मिळतो, त्यामागे न्यायबुद्धी किती आणि सावधपणा किती, हे विचारायला ही हकिगत पुरेशी आहे.

गंमत अशी की त्याच दशकात विद्यापीठानं महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून मराठी काढून टाकली. अभिजात भाषांना मान, देशी भाषांना रजा. म्हणजे मराठी निबंध पुढची कित्येक वर्षं वाढला तो महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर. मराठीला विद्यापीठात परत जागा मिळावी म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडले.

बाहेर काय चाललं होतं? डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेत मास्तरकी करता करता जानेवारी १८७४ पासून ‘निबंधमाला’ सुरू केली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक काढले. मजकूर जवळपास एकहाती. मेकॉले, अ‍ॅडिसन, जॉन्सन या इंग्रजी निबंधकारांचं वाचन त्यांच्या वाक्यावाक्यांत दिसतं. पण शास्त्रीपरंपरेतला खंडनमंडनाचा सोसही तितकाच. आधी प्रतिपक्ष, मग त्याची सालटी. मालेतले निबंध ऐसपैस आहेत. विषय सोडून चार पानं भटकून येणं त्यांना वर्ज्य नाही आणि उपरोध चढला की लांबी विसरतात. शिस्तीपेक्षा आवेश मोठा. फुल्यांवर त्यांनी केलेली टीका आज वाचताना तो आवेश कुठे घसरतो तेही दिसतं.

आगरकरांची जात वेगळी. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला आणि मराठी निबंध अग्रलेखाच्या मापात बसू लागला. ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ हा त्यांचा निबंध बघा. शीर्षकातच निष्कर्ष सांगून टाकलेला. मग खाली उरतं ते फक्त का, याचं उत्तर. बेनच्या नियमातलं विषय दाखवणारं पहिलं वाक्य यांनी थेट मथळ्यावर नेलं. वृत्तपत्राची जागा मोजकी आणि वाचक घाईतला. तिथे माँतेनसारखं हिंडून चालत नाही.

पुढचा पल्ला थोडक्यात सांगता येतो. १९२० नंतर फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध रुळवला आणि माँतेनचा मोकळेपणा तीन-साडेतीनशे वर्षांनी मराठीत पोचला. परीक्षेनं मात्र तो घेतला नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत निबंधाचे कप्पे पडले: वर्णनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्त. सूर्य उगवला नाही तर, मी पाहिलेला अपघात, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त. खाली चौकटीत मुद्दे दिलेले. मुद्दे आयते मिळाले की मांडणी शिकायची राहूनच जाते. कारण कुठली गोष्ट आधी सांगायची आणि का, हा निर्णय पेपर काढणाऱ्यानं आधीच घेतलेला असतो. महाविद्यालयात आलेली मुलं पहिल्या वर्षी अडखळतात ती इथे, असा माझा समज आहे.

अमेरिकेनं दरम्यान एक प्रयोग करून पाहिला. तिथल्या सॅट या प्रवेशपरीक्षेत २००५ पासून २५ मिनिटांचा निबंध आला. एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुने पाहून दाखवून दिलं की गुण आणि निबंधाची लांबी जवळपास हातात हात घालून चालतात आणि तथ्यं चुकली तरी फारसं बिघडत नाही. पुढे तो निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बहुतेकांसाठी बंदच.

आपल्याकडे वारं उलट्या दिशेनं वाहतंय. केंद्रीय लोकसेवा आयोगानं १९९३ पासून मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर ठेवला. आता तो २५० गुणांचा आहे. तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध, आणि ते मराठीतही लिहिता येतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं २०१२ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशी बहुपर्यायी प्रश्नांची केली होती. २०२२ मध्ये त्यांनी ती पुन्हा वर्णनात्मक करायचं जाहीर केलं, निबंधाच्या पेपरसह आणि २०२३ पासूनच. त्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलली. तेव्हा या मुलांवर लिहिता येत नाही म्हणून रडतात अशी टीका झाली, ती मला अन्यायाची वाटली. दहा वर्षं ज्या परीक्षेनं फक्त गोल रंगवायला लावले, तिनं अचानक मांडणी मागितली, तर तयारीला वेळ द्या म्हणण्यात गैर काय होतं? मिळालेल्या मुदतीत सदाशिव पेठेत निबंधलेखनाच्या बॅचेस सुरू झाल्या आणि पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहिलं जातं ते सांगायला नकोच: प्रस्तावना, मुद्दे, समारोप.