दीपगृहाचा खर्च कुणाच्या माथी?

सार्वजनिक वस्तूंचा धडा सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर दीपगृह येते. कड्यावरचा दिवा जवळून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिसतो. ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्यापुरता तो विझवता येत नाही, आणि एकाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाटचा उजेड घटत नाही. पहिल्या गुणाला अवर्ज्यता म्हणतात, दुसऱ्याला स्पर्धारहितता. दोन्ही गुण एकत्र आले की खाजगी बाजार ती वस्तू पुरवत नाही, म्हणून सरकारने पुरवावी, असा निष्कर्ष लिहून विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. या उदाहरणाचा इतिहास पाहिला तर त्या निष्कर्षातला शेवटचा दुवा वाटतो तितका पक्का नाही.

आधी हिशेब. समजा, दिव्याचा वर्षाचा खर्च 700 रुपये आहे आणि तीन जहाजमालकांना त्यापासून अनुक्रमे 400, 300 आणि 200 रुपयांचा लाभ होतो. एकूण लाभ 900, म्हणजे दिवा लावणे फायद्याचे. तरी एकट्याच्या खिशातून तो कुणालाच परवडत नाही, आणि बाकीचे दोघे भरतील अशी आशा असेल तर प्रत्येकाला हात आखडता घेणे सोयीचे. परीक्षेत सर्वाधिक चूक होते ती बेरजेच्या दिशेत. ज्वारी 30 रुपये किलोने एक जण 4 किलो घेतो, दुसरा 6 किलो, तर मागणी 10 किलो: इथे नगांची बेरीज, म्हणजे आलेखातले मागणीचे वक्र आडवे मिळवायचे. दिवा मात्र तिघांना एकच मिळतो, म्हणून त्यांच्या पैसे देण्याच्या तयारीची उभी बेरीज करायची आणि ती वाढीव खर्चाशी, म्हणजे आणखी एक दिवा लावण्याच्या खर्चाशी, ताडून पाहायची. स्वीडनच्या एरिक लिंडाल यांनी 1919 मध्ये ज्याला जितका लाभ त्याच्याकडून तितका वाटा, अशी मांडणी केली. ती अडते एका ठिकाणी: लाभ सांगायचा मालकाने आणि त्यावरून बिल निघायचे त्याच्याच नावे. मग 400 वाला 50 सांगणारच.

कल्पनेची मुळे जुनी आहेत. डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकातच लिहून ठेवले होते की सामाईक कुरणातले पाणी काढून द्यायला दोन शेजारी सहज एकत्र येतील, हजार जण येणार नाहीत. अॅडम स्मिथ यांनी 1776 मध्ये काही सार्वजनिक कामे राज्यकर्त्याच्या कर्तव्यात धरली. दीपगृहाचे उदाहरण रुळले ते जॉन स्टुअर्ट मिल यांच्या 1848 च्या ग्रंथापासून. मिल यांचा मुद्दा नेमका वाचायला हवा: राज्याने सक्तीची पट्टी बसवून भरपाई केली नाही, तर स्वतःच्या फायद्यासाठी दीपगृह कोणी बांधणार नाही. बांधणारा सरकारी नोकरच हवा, असे त्यात कुठेच नाही. हेन्री सिज्विक (1883) आणि आर्थर पिगू (1920) यांनी उदाहरण पुढे नेले. जहाजांकडून पथकर घेणे जमत नाही, म्हणजे लाभ बाहेर सांडतो, म्हणजे ही अनुकूल बाह्यता, असा तो धागा. पॉल सॅम्युएलसन यांनी 1954 च्या छोट्या निबंधात उभ्या बेरजेची अट गणिताने मांडली आणि आपल्या पाठ्यपुस्तकात दीपगृहावर आणखी एक गोष्ट जोडली: रडारने प्रत्येक जहाज ओळखून पैसे घेता आले तरी घेऊ नयेत, कारण आणखी एका जहाजाने दिवा पाहिल्याने खर्च पैशानेही वाढत नाही. शुल्कामुळे एखादे जहाज त्या वाटेने आलेच नाही, तर तो समाजाचा निव्वळ तोटा.

इथपर्यंत कुणी इंग्लंडच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष काय घडले ते तपासले नव्हते. ते काम अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1974 च्या लेखात केले. ट्रिनिटी हाउस ही खलाशांची संस्था. आठव्या हेन्रीने तिला 1514 मध्ये सनद दिली आणि 1566 च्या कायद्याने किनाऱ्यावर खुणा उभारण्याचा अधिकार मिळाला. तरी 1610 ते 1675 या काळात या संस्थेने एकही नवे दीपगृह बांधले नाही. त्याच काळात खाजगी लोकांनी निदान दहा बांधली.

पैसे कसे मिळत, हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे. बांधू इच्छिणारा आधी जहाजमालक आणि व्यापाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज मिळवी: आम्हाला इथे दिवा हवा आहे, आम्ही शुल्क द्यायला तयार आहोत. त्या अर्जावर राजा सनद देई. पुढे काही दिव्यांसाठी संसदेने कायदे केले. सनदेत दिवा कुठे लागायचा, हक्क किती वर्षांचा आणि दर किती, हे ठरलेले असे. दर साधारणपणे जहाजाच्या टनांवर. वसुली समुद्रात होत नसे, ती बंदरात होई. जहाज धक्क्याला लागले की मालकाचा हस्तक, अनेकदा जकात अधिकारीच, कुठून कुठे आलात ते विचारून वाटेत कोणकोणते दिवे लागले असतील त्यांचे पैसे घेई. पुढे प्रवासागणिक दरांची छापील पुस्तकेही निघाली. समुद्रात न पकडता येणारा लाभार्थी धक्क्यावर आपोआप हातात येतो, ही साधी गोष्ट पुस्तकातल्या दिव्याखाली अंधारातच राहिली.

जोखीम मोठी होती. प्लिमथजवळच्या एडिस्टन खडकावर हेन्री विन्स्टनली यांनी बांधलेला दिवा 1698 मध्ये लागला. करार असा: पहिली पाच वर्षे सगळा नफा त्यांचा, त्यानंतर पन्नास वर्षे ट्रिनिटी हाउसशी निम्मा वाटा. नोव्हेंबर 1703 च्या महावादळाने मनोरा नेला आणि तेव्हा तिथेच असलेले विन्स्टनलीही गेले. दुसरा मनोरा 1755 मध्ये जळाला. जॉन स्मीटन यांनी 1759 मध्ये पूर्ण केलेला दगडी मनोरा मात्र शतकाहून अधिक काळ टिकला.

1820 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये 46 दीपगृहे होती: 24 ट्रिनिटी हाउसकडे, 22 खाजगी हातांत. पण 24 पैकी 12 मुदत संपल्यावर संस्थेकडे आली होती आणि एक चेस्टर नगरपालिकेकडून घेतले होते. संस्थेने मुळात बांधलेली फक्त 11, खाजगी लोकांनी बांधलेली 34. 1836 च्या कायद्याने उरलेली खाजगी दीपगृहे विकत घेण्याचा अधिकार ट्रिनिटी हाउसला दिला आणि 1842 पर्यंत खाजगी मालकी संपली. वेल्सजवळच्या स्केरीज बेटावरच्या दिव्याला 1841 मध्ये पंचांनी ठरवलेली किंमत होती 4,44,984 पौंड. एका दिव्याला एवढी किंमत मिळत असेल, तर शुल्क वसूल होत नाही हे म्हणणे टिकत नाही.

कोस यांचा निष्कर्ष असा की फक्त सरकारच पुरवू शकते अशा वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह वापरू नये, आणि खर्च सर्वसाधारण करातून न करता वापरणाऱ्यांकडून घ्यावा, म्हणजे कुठे किती दिवे हवेत यावर जहाजवाल्यांचे लक्ष राहते. हे उत्तर सॅम्युएलसन यांच्या शून्य वाढीव खर्चाच्या मुद्द्याला पूर्ण पुरत नाही. दुसरी बाजू डेव्हिड व्हॅन झँट यांनी 1993 मध्ये दाखवली: ज्याला आपण खाजगी म्हणतो त्या दिव्याच्या मागे राजाची सनद, सरकारने ठरवलेला दर, जागेची मक्तेदारी आणि सक्तीची वसुली उभी होती. आमच्या मते हा आक्षेप रास्त आहे, आणि तो आपल्याला पुन्हा मिल यांच्या सक्तीच्या पट्टीपाशी आणतो. म्हणून शिकवताना तीन प्रश्न वेगळे ठेवावेत: बांधले कुणी, पैसे कुणी दिले, आणि न देणाऱ्याला अडवण्याची ताकद कुणाची. सरकारी आणि सार्वजनिक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की हे तिन्ही एकात मिसळतात.

बंदरावरच्या वसुलीतही भोक असते. ब्रिटनच्या कुठल्याच बंदराला न लागता इंग्लिश खाडीतून थेट पुढे जाणारे जहाज दिवे वापरते आणि काही देत नाही. खरा फुकट्या तो. किती जहाजे अशी जातात यावर गळती ठरते, म्हणजे अवर्ज्यता ही होय-नाहीची गोष्ट नसून कमी-जास्तीची आहे.

ही पद्धत आपल्याकडेही आली. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्ज दीपगृह 1875 मध्ये झाले. पुढे 1927 च्या दीपगृह कायद्याने शुल्काची तीच रचना भारतभर बसवली: जहाजाच्या टनांवर शुल्क, एकदा भरले की 30 दिवस चालते, वसुली जकात अधिकाऱ्याकडे, आणि शुल्क भरल्याशिवाय बंदर सोडण्याचा परवाना नाही. बुडवणाऱ्याला दिव्यापासून वगळत नाहीत, परवान्यापासून वगळतात. 2021 च्या सागरी साहाय्य कायद्याने जुना कायदा बदलला तरी शुल्क राहिले. आता त्यात दिव्यांबरोबर रेडिओ यंत्रणा आणि जहाज वाहतूक सेवाही येतात.

दिव्याचे बरेचसे काम आता उपग्रह करतात. अमेरिकेच्या जीपीएसचा नागरी संकेत मे 2000 पर्यंत मुद्दाम सुमारे 100 मीटरपर्यंत चुकणारा ठेवला होता. अचूक संकेत सांकेतिक भाषेत, लष्करापुरता. भारताच्या नॅविक या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेतही दोन सेवा आहेत, एक सर्वांना खुली आणि एक अधिकृत वापरकर्त्यांपुरती बंद. उपग्रह तोच, कक्षा तीच. पहिला संकेत वस्तूंच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात सार्वजनिक वस्तूच्या रकान्यात बसतो, तर दुसरा, स्पर्धारहित असूनही वगळता येणारा असल्याने, क्लब वस्तूच्या.