तिसऱ्या उमेदवाराला पडदा का मिळत नाही?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक लागली की वाहिन्यांवर दोनच नावं गाजतात. ग्रीन, लिबर्टेरियन अशा छोट्या पक्षांचा किंवा अपक्ष उमेदवार मतपत्रिकेवर असतो, पडद्यावर नसतो. खापर फुटतं ते पत्रकारांच्या पूर्वग्रहावर. पूर्वग्रह आहेच, पण त्याला बळ नियमांनी दिलं.

१९३४च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ स्पष्ट होतं: प्रसारणात एका उमेदवाराला वेळ दिलात, तर इतरांनाही तेवढाच द्या. १९५९मध्ये शिकागोच्या महापौरपदासाठी उभा असलेला लार डेली या कलमावर अडून बसला. अंकल सॅमचा, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, पोशाख घालून प्रचार करणारा हा गडी. पुन्हा उभे असलेले महापौर विमानतळावर अर्जेंटिनाच्या अध्यक्षांचं स्वागत करताना बातम्यांत दिसले, मग मलाही वेळ द्या, ही त्याची मागणी. प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी दळणवळण आयोगाने ती मान्य केली. वाहिन्यांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बातम्यांना या कलमातून सूट दिली. १९६०च्या केनेडी-निक्सन डिबेटसाठी तर ते तात्पुरतं स्थगितच झालं.

डिबेटमध्ये यायचं तर जनमत चाचण्यांत पंधरा टक्के पाठिंबा हवा, ही अट पहिल्यांदा १९८०मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्सने, म्हणजे तेव्हा डिबेट भरवणाऱ्या संघटनेने, लावली. अपक्ष जॉन अँडरसन तेव्हा पात्र ठरले, तर अध्यक्ष कार्टर त्या डिबेटला आलेच नाहीत. १९८७मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून स्वतःचा डिबेट आयोग काढला. पुढच्याच वर्षी लीग बाहेर पडली.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांचं उदाहरण. १९९२मध्ये डिबेटआधी त्यांचा पाठिंबा दहा टक्क्यांच्याही खाली होता. तरी त्यांना तिन्ही डिबेटमध्ये घेतलं आणि मतदानात त्यांनी जवळपास १९ टक्के मतं मिळवली. म्हणजे दिसलं की पाठिंबा वाढतो. १९९६मध्ये त्याच पेरोंना वगळलं: निवडून येण्याची शक्यता नाही, म्हणे!

२०००पासून डिबेट आयोगाने पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्क्यांची अट घातली. बातमी नाही म्हणून टक्के नाहीत, टक्के नाहीत म्हणून बातमी नाही. त्या वर्षी बॉस्टनच्या डिबेटला ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर शेजारच्या सभागृहात बसून नुसतं बघायला आले होते. हातात तिकीट होतं, तरी त्यांना आवारातून परत पाठवलं.

२०२४मध्ये बायडेन आणि ट्रम्प यांनी आयोगालाच बाजूला सारून सीएनएनवर डिबेट केली. पंधरा टक्क्यांची अट मात्र सीएनएननेही ठेवली, आणि अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर बाहेर राहिले.