ग्राहकाचं मन की स्पर्धकाची चाल?

किंमत ठरवायच्या बैठकीत वर्तनवादी अर्थशास्त्र आणि गेम थिअरी ही दोन नावं बऱ्याचदा एका दमात घेतली जातात. दोन्ही शाखा माणसांच्या निर्णयांबद्दल बोलतात, दोन्हींना नोबेल मिळालंय, त्यामुळे गल्लत होणारच. ती टाळायला मी एकच प्रश्न विचारतो: समोरचा माणूस तुमचा विचार करून पाऊल टाकतोय का? टाकत असेल तर तो गेम थिअरीचा विषय, नसेल तर वर्तनवादी अर्थशास्त्राचा.

स्पर्धक तसा विचार करतोच. समजा, बाजारात दोनच कंपन्या आहेत. वस्तूची किंमत 100, खर्च 70 आणि दोघांची विक्री प्रत्येकी 1000 नग, म्हणजे नफा 30,000. एकीने किंमत 90 वर आणली आणि 800 गिऱ्हाईकं तिच्याकडे वळली, तर तिला 1800 नगांवर 36,000 मिळतात आणि दुसरीकडे 6,000 उरतात. साहजिकच दुसरीही किंमत उतरवते. गिऱ्हाईकं पुन्हा निम्मी-निम्मी होतात, पण नफा आता प्रत्येकी 20,000. गंमत अशी की इथे कुणी डोकं वापरलं नाही असं म्हणता येत नाही. समोरची काहीही करो, किंमत उतरवणंच प्रत्येकीच्या फायद्याचं होतं, आणि तरीही दोघी खड्ड्यात गेल्या. गणितज्ञ जॉन नॅश यांनी 1950 मध्ये मांडलेला समतोल तो हाच: आपण एकट्याने चाल बदलून काही सुधारत नाही अशी जागा. ती जागा चांगली असेलच असं नाही. हाच डाव वर्षानुवर्षं खेळायचा असेल तर हिशेब बदलतो, कारण आजच्या कपातीचा बदला उद्या घेतला जाऊ शकतो.

ग्राहकाचं तसं नसतं. तुमच्या पुढच्या चालीचं त्याला काही पडलेलं नसतं. त्याला घाई असते, कंटाळा असतो, आणि हातातलं जाण्याची धास्ती असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो. म्हणूनच ‘रोखीने दिल्यास सूट’ खपून जातं आणि ‘कार्डावर जादा आकार’ खुपतो, दोन्हींचा हिशेब तोच असला तरी. आळसाची ताकद तर त्याहून मोठी. अमेरिकेतल्या एका कंपनीने निवृत्ती बचत योजनेत नव्या कर्मचाऱ्यांची नावं आपोआप घालायला सुरुवात केली, नको असेल त्याने बाहेर पडावं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सहभाग 49 टक्क्यांवरून 86 टक्क्यांवर गेला. योजना तीच होती, कुणी कुणावर डाव टाकला नव्हता.

या दोन्ही वाटा कुठे मिळतात ते अर्थशास्त्रज्ञ रोझमारी नागेल यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतं. प्रत्येकाने 0 ते 100 मधला आकडा सांगायचा. सगळ्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ जाईल तो जिंकला. सगळेच दोन-तृतीयांशाचा दोन-तृतीयांश असा विचार करत गेले, तर काटेकोर गणित शेवटी 0 वर नेतं. प्रत्यक्षात पहिल्या फेरीची सरासरी 37 च्या आसपास होती, म्हणजे जिंकणारा आकडा 24-25. शून्य लिहिणारा पुस्तकी हुशार हरला, मनाला येईल तो लिहिणाराही हरला. इतर लोक विचाराच्या किती पायऱ्या उतरतील हे ओळखणारा जिंकला. लिलावात बोली लावणाऱ्याला नेमकं हेच लागतं, आणि माझ्या मते बहुतेक सल्लागार हाच भाग गाळतात.

एकदा वापरलेली मानसिक युक्तीही फार काळ एकट्याची राहत नाही. ‘पहिला महिना फुकट, मग आपोआप पैसे कापले जातील’ ही योजना ग्राहकाच्या आळसावर चालते. स्पर्धकाने ‘एका क्लिकवर बंद करा’ अशी जाहिरात केली की तुमची युक्ती डावातली एक चाल होते. मग ग्राहक किती विसरभोळा आहे एवढं मोजून भागत नाही. स्पर्धक त्याला किती वेळा आठवण करून देईल तेही धरावं लागतं.