चारित्र्याचा दाखला ते परीक्षेचा कागद

नोकरीला माणूस चांगला हवा की शिकलेला, हा वाद जुना आहे. परीक्षा आल्याच मुळी चारित्र्याच्या नावाखाली चाललेल्या वशिलेबाजीवर उतारा म्हणून.

चीनमध्ये हान सम्राटाने इ.स.पू. १३४ मध्ये प्रांतोप्रांतीहून मातृपितृभक्त आणि निर्लोभी माणसांची नावे मागवली. शिफारस स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातात, त्यामुळे बड्या घराण्यांतली पोरेच सद्गुणी ठरू लागली. लोकांनी त्यावर गाणेही रचले: पितृभक्त म्हणून निवडला, तो बापापासून वेगळा राहतो! पुढे सुई राजवटीत, सातव्या शतकाच्या सुरुवातीला, लेखी परीक्षा आली. नंतरच्या सोंग राजवटीत तर उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकत आणि अक्षर ओळखू नये म्हणून कारकून ती नव्याने उतरवून काढत. १९०५ पर्यंत या परीक्षा चालल्या. त्यांत विचारत मात्र कन्फ्यूशियसपंथी ग्रंथ, म्हणजे पुन्हा सदाचारच. फक्त आता तो पाठ करायचा.

इंग्लंडमध्ये जुना मालक घरगड्याला जे पत्र देई, त्याचे नावच 'कॅरेक्टर'. बनावट पत्रांचा असा सुळसुळाट झाला की १७९२ मध्ये कायदा करून २० पौंड दंड ठेवावा लागला. सरकारी जागा तर ओळखीवरच मिळत. सरकारी नोकरभरतीवरच्या १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने स्पर्धा परीक्षा सुचवल्या, तेव्हा सचोटी कशी तपासणार, असा आक्षेप आलाच. मेकॉलेने त्याआधीच, १८३३ मध्ये, युक्तिवाद मांडला होता: तरुणपणी अभ्यासात पुढे राहणाऱ्याच्या अंगी मेहनत आणि संयम असतोच. मला ही सोयीस्कर पळवाट वाटते, पण ती चालली. अमेरिकेत १८८१ मध्ये पद न मिळालेल्या माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली, त्यात ते गेले. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने सरकारी नोकरीसाठी परीक्षा आली.

मग कागदाचाच अतिरेक झाला. एका वीज कंपनीने बरी कामे देण्यासाठी शालान्त प्रमाणपत्राची अट घातली आणि कृष्णवर्णीय कामगार बाहेर राहिले. कामाशी संबंध नसलेली अशी अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बेकायदा ठरवली.

१९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचे संशोधन एकत्र तपासले. शिक्षणाची वर्षे आणि कामगिरी यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) जेमतेम ०.१० भरला. बुद्धिमत्ता चाचणीचा ०.५१, आणि तिला सचोटीची चाचणी जोडली की ०.६५. पण सचोटीच्या त्या चाचणीतही खुणा करतो तो उमेदवार स्वतःच.